खुडूक कोंबडी मृगाच्या तोंडावर बसवावी की उठवावी?

कातळावरचा

नमस्कार मंडळी. नोकरी संपली, डोंबिवलीचं घर मुलाच्या हवाली केलं आणि लांज्याजवळच्या गावी आईपाशी येऊन राहिलोय. थोडे आंबे-काजू आहेत आणि बायकोच्या हौसेखातर कोंबड्या. चार गावठी, दोन गिरिराज या सुधारित जातीच्या, कोंबडा एकच, तोही गावठी.

गावठीतली एक तांबडी खुडूक झाली आहे, म्हणजे अंडी घालायचं सोडून उबवायला बसली आहे. पडवीत जुन्या जात्यामागे गोणपाटावर फुगून बसते. जवळ गेलं की पिसं फुलवून गुरगुरते, हात घातला की टोचते. अंडी काढून घेतली तरी रिकाम्या गोणपाटावर बसून आहे. दिवसातून एकदा उठते, भसाभसा खाते, मातीत लोळते, एक भलीमोठी घाणेरडी विष्ठा टाकते आणि पळत परत जागेवर.

बायको म्हणते अंड्यांवर बसवा. आई म्हणते मुळीच नको, पिल्लं मृगात निघतील, एक हाती लागायचं नाही. शेजारी म्हणतो बादलीत बुडव, चार दिवसांत ताळ्यावर येईल. मोबाइलवर बघितलं तर अंडी उबवायची छोटी मशिनंही मिळतात. घरात तीन माणसं आणि मतं चार.

या शनिवारी बसवली तर २१ दिवस म्हणजे जूनचा पहिला आठवडा उलटतोच. बसवू का? अंडी किती घालायची, गिरिराजची चालतील का? आणि आईचं आणखी एक: बसवलीच तर टोपलीत विळा ठेव, नाहीतर गडगडाटाने अंडी बिघडतात. यात काही तथ्य?

यंत्रातली_अंडी

मी बारामतीकडे मशिनवर पिल्लं काढतो, विकतोही. तरी तुम्हाला मशीन घ्या म्हणणार नाही. दहा-बारा अंड्यांसाठी ते परवडत नाही. तापमान ३७.५ च्या आसपास राखायचं, आर्द्रता बघायची, अंडी फिरवायची, आणि तुमच्याकडे वळवाच्या पावसात लाइट गेली की सगळं गार. इन्व्हर्टर असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय मशीन पिल्लं काढून देतं, सांभाळत नाही. पुढे तीन-चार आठवडे बल्बखाली ठेवायची, तेही लाइटवरच. शंभर अंडी असतील तेव्हा मशिनचा विचार करा.

गिरिराजबद्दल: तिची अंडी गावठीखाली चालतात, गिरिराज किंवा वनराज अशा सुधारित जाती स्वतः सहसा खुडूक होतच नाहीत. पण तुमचा कोंबडा गावठी, त्यामुळे पिल्लं मिसळ निघतील. आईसारखी वजनदार निघतील हे डोक्यातून काढा.

झणझणीत

मशीन नको, विळा नको. रस्सा कधी करताय तेवढं कळवा.

परड्यातली

भाऊ, मी आजऱ्याकडची. पाऊस आमच्याकडंही तुमच्यासारखाच कोसळतो, म्हणून सांगते, तुमच्या आईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. पिल्लं मृगात निघाली की खरंच मरतात. पण ती अंड्यात मरत नाहीत. निघाल्यावर पहिल्या महिन्यात मरतात, आणि तिथं माणूस काहीतरी करू शकतो. लोक करतात उलटं. एकवीस दिवस रोज बुट्टीत डोकावून कोंबडीला भंडावून सोडतात आणि पिल्लं निघाली की सुटलो म्हणून पेरणीला जातात. उबवायचं काम तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. आपलं काम बसवायच्या आधी आणि पिल्लं निघाल्यावर.

तर बसवा. पण पिल्लं कुठं ठेवणार ती कोरडी जागा आधी ठरवा. ती नसेल तर आईंचं ऐका आणि विषय संपवा.

खुडूक पक्की आहे का ते बघा. तुम्ही खुणा बरोबर लिहिल्यात, एक राहिली. रात्री ती कुठं असते? दिवसभर बसून संध्याकाळी बाकीच्यांबरोबर दांडीवर चढणारी कोंबडी अजून कच्ची. दोन-तीन रात्री गोणपाटावरच काढल्या तर पक्की. पोटाखाली हात घालून बघा, छातीची पिसं गेलेली असतात आणि उघडी कातडी गरम लागते.

जात्यामागची जागा तिनं चांगली निवडलीय, पण तिथं ठेवू नका. पडवीत बाकीच्या येणार आणि तिच्याखाली आपलीही अंडी घालून जाणार. मग एक अंडं पंधरा दिवसांचं, एक आठचं, एक कालचं. पहिली पिल्लं निघाली की आई त्यांना घेऊन उठते आणि मागची अंडी आत जीव असताना गार पडतात. म्हणून घरात, माळ्याखालच्या सांदीत, जिथं माणसांची ये-जा नाही तिथं हलवा. हलवायची रात्री, अंधारात, आवाज न करता. पहिली रात्र दोन-तीन टाकाऊ अंड्यांवर बसू द्या. सकाळी तिथंच दिसली तर त्या संध्याकाळी खरी अंडी घाला, सगळी एकदम. उजेडात हलवलीत तर ती परत जात्यामागंच जाऊन बसेल.

बुट्टीत खाली मूठभर राख, वर भाताचं पिंजार, मध्ये कडुनिंबाचा पाला. आमच्या सासूबाई तंबाखूच्या काड्या घालायच्या. निपाणी जवळ, त्यामुळं काड्यांना तोटा नव्हता. हे सगळं पिसवा आणि उवांसाठी. खुडूक कोंबडी हलत नाही, तिचं अंग गरम, म्हणजे पिसवांची चंगळ. पिसवा फार झाल्या की चांगली कोंबडीसुद्धा तिसऱ्या आठवड्यात उठून जाते, आणि मग आपण म्हणतो कोंबडीच खोटी निघाली. बसवायच्या आधी तिला पंखाखाली, शेपटीच्या मुळाशी बघून घ्या आणि राख चोळा. बुट्टी फार खोल नको, अंडी एकावर एक चढतात.

अंडी आठ किंवा नऊ. अंगानं मोठी असली तर बारा झाकेल, पण ते थंडीतल्या दिवसांचं गणित. पावसाळी हवेत एकही अंडं पंखाबाहेर राहता कामा नये, आणि पुढं तेवढ्याच पिल्लांना तिनं पोटाखाली घ्यायचंय. गिरिराजची दोनपेक्षा जास्त नको, ती मोठी असतात, गावठी अंड्यांना बाजूला सारतात.

आणि हे मे महिन्याचं खास. आठवड्याच्या आतलीच अंडी घ्या, त्यातही जितकी ताजी तितकी बरी. कोंबडी बसली नाही तरी या उकाड्यात अंड्यातला जीव अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. बाहेरून कळत नाही. फ्रिजमध्येही ठेवायची नाहीत, उबवायला जाणारी अंडी तिथं वाया जातात. पसरट मातीच्या भांड्यात ओली वाळू घ्या, वर फडकं घाला, त्यावर अंडी टोक खाली करून ठेवा आणि भांडं सावलीत. धुवायची नाहीत, घाण असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा. तडा गेलेलं, फार लांबट, फार गोल बाजूला काढा. प्रत्येकावर कोळशाची रेघ मारा, म्हणजे नवं अंडं आत आलं तर लगेच काढता येतं.

गडगडाटाचं माझं मत सांगते, आईंना राग येऊ नये. गडगडतं ते वळवाच्या दिवसांत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. तेव्हा अंडी उकाड्यानं आधीच गेलेली असतात, दोष मात्र ढगांवर जातो. विळा ठेवायचा तर खुशाल ठेवा, पण बुट्टीच्या बाहेर. आत ठेवलात तर कोंबडी अंडी फिरवताना त्याच्यावरच आपटेल.

ती बसली की तिच्या वाटेला जाऊ नका. थोड्या अंतरावर जोंधळा किंवा मका आणि पाणी ठेवा. भिजवलेलं, पिठूळ खाणं नको, पोट बिघडतं आणि बुट्टी घाण होते. पंधरा-वीस मिनिटं उठते, त्यानं अंडी गार होत नाहीत. उलट अजिबात उठत नसेल तर तिला हळूच उचलून बाहेर ठेवा, नाहीतर वाळून जाईल. सातव्या रात्री मोबाइलच्या टॉर्चवर अंडी धरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या तर ठीक, नितळ दिसलं तर काढा. पुढं हात लावायचा नाही. शेवटच्या दिवसांत अंडी कोमट पाण्यात सोडून कुठलं हलतंय ते बघायची जुनी रीत आहे. सासूबाई बघायच्या, पोरं गोळा व्हायची. मी करत नाही. बारीक तडा असला तर पाणी आत जातं.

विसाव्या-एकविसाव्या दिवशी आतून चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी हळू आवाजात उत्तर देते. टवका पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला दिवस लागू शकतो. टरफल सोलायला जाऊ नका. आतल्या पातळ पापुद्र्यात अजून रक्त असतं, सोललं की पिल्लू रक्त जाऊन मरतं. भीती असते ती तांबड्या मुंग्यांची. टवका पडलेल्या अंड्याला मुंग्या लागल्या तर पिल्लू आतच खातात. त्यासाठी बुट्टी चौरंगावर आणि चौरंगाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत. पिल्लं निघायला लागली की बुट्टी जमिनीवर घ्या, नाहीतर वरून पडतील. मग वरचेवर लक्ष ठेवायचं, इलाज नाही.

निघालेलं पिल्लू पहिले दोन दिवस न खाता राहतं, पोटात बलक असतो. घाईनं दाणे टाकून आईला उठवू नका, राहिलेली अंडी फुटू द्या.

आता पाऊस. पहिले पंधरा दिवस आईसकट डालग्याखाली, म्हणजे मोठ्या पालथ्या टोपलीखाली, कोरड्या जागेत. खाली भाताचं तूस, ओलं झालं की लगेच बदलायचं. पावसात पिल्लं मारतो तो गारवा आणि ओल. आई ओल्या गवतातून भराभरा चालते, पिल्लं पोटापर्यंत भिजतात, मागं राहतात, आणि मागं राहिलेलं पिल्लू गेलंच समजा. उघडीप असेल तेव्हा, गवत सुकल्यावर सोडा, तेही तुम्ही अंगणात असताना. पाणी बशीत, त्यात खडे घाला, नाहीतर पिल्लं दोन बोटं पाण्यातसुद्धा बुडतात.

नुसत्या कण्यांवर पिल्लू वाढत नाही. त्याला किडा-मुंगी लागते, आणि डालग्याखाली ती मिळत नाही. चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, आणा, नाहीतर वाळवी पाडा. मडक्यात ओलं शेण, कुजकं पिंजार, जुनं गोणपाट भरून संध्याकाळी वारुळाजवळ पालथं घाला, सकाळी वाळवी भरलेली असते. वाळवी बघून पिल्लं वेडी होतात. चारा मात्र पिल्लांचा वेगळा, फक्त तीच आत शिरतील अशा फटीतून, नाहीतर आईच फस्त करते.

तिसऱ्या आठवड्यानंतर विष्ठा लालसर दिसली, पिल्लं पंख पाडून एका जागी उभी राहिली, तर ती रक्ती हगवण. ओलीनं होते. थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आणि वर कावळा. घारीची भीती सगळ्यांना असते, पण याच दिवसांत कावळ्यांच्या घरट्यात पोरं असतात आणि ते अंगणातून पिल्लू उचलायला मागंपुढं बघत नाहीत. घार आली की कोंबडी एक आवाज काढते, मांजर आलं की दुसरा. पिल्लं आठवडाभरात दोन्ही शिकतात. एका आवाजाला जिथल्या तिथं दडी मारतात, दुसऱ्याला आईकडं धावतात. मशिनच्या पिल्लांना हे कोण शिकवणार? मला कोंबडीखालचीच पिल्लं आवडतात त्याचं कारण एवढंच, बाकी सगळा त्रासच आहे. रात्री मात्र तिच्या भरवशावर राहू नका. मुंगूस, घूस, बोका, कुणीही येतं. डालग्यावर दगड.

बादलीत बुडवायला सांगणाऱ्या शेजाऱ्यांना माझा नमस्कार. पोट गार पडलं की खुडूक उतरते हे खरं, पण त्यासाठी तिला गटांगळ्या कशाला? खाली जाळी असलेला पिंजरा जमिनीपासून उंच टांगा, दाणापाणी द्या, खालून वारा लागू द्या. तीन-चार दिवसांत उतरते. नाकात पीस खुपसायचीही रीत आहे, ती तर विसराच. अंडीच हवी असतील तर हे करा, कारण एकदा बसवली की पिल्लं मोठी होईपर्यंत तुम्हाला तिचं एक अंडं मिळणार नाही. जवळजवळ तीन महिने धरून चाला.

कातळावरचा

ताई, एवढं सविस्तर कोण लिहितं! आईला सगळं वाचून दाखवलं. मुंग्या, कावळे आणि डालगं ऐकून मान हलवली. गडगडाटापाशी मात्र म्हणाली, "तिला म्हणावं, आमच्याकडे येऊन बघ." विळा बुट्टीबाहेर ठेवायला तयार झाली, एवढं मी जिंकलो.

कोरडी जागा आहे. भाताच्या कणगीशेजारची खोली हल्ली रिकामीच असते, जमीन शेणाची, छप्पर गळत नाही. म्हणजे बसवतो. आणखी दोन शंका. एक, एवढा खटाटोप करतोच आहोत तर पिल्लं निघतील त्या वेळी हॅचरीची एक दिवसाची दहा-पंधरा आणून तिच्याखाली सोडली तर? आणि लसीचं काय? गावात कोणी देत नाही, पण दरवर्षी कुणाच्या तरी सगळ्या कोंबड्या माना वाकड्या करून मरतात.

लसीचा_थर्मास

लसीचं मी सांगतो, आयुष्य जनावरांच्या दवाखान्यात गेलं.

माना वाकड्या म्हणजे मानमोडी, राणीखेत. त्यावर औषध नाही, लसच. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा किंवा एफ स्ट्रेन नावाची लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. पुढे सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी, ही त्याच रोगाची पुढची लस, हे इंजेक्शन. त्याच सुमारास देवीचीही लस. दोन्ही एकाच दिवशी टोचू नका, मध्ये आठवडाभर जाऊ द्या.

अडचण अशी की बाटली शंभर पिल्लांची असते आणि तुमच्याकडे असणार आठ. एकदा पातळ केली की दोन तासांत संपवायची, उरलेली टाकून द्यायची. त्यामुळे गावात कोणी देत नाही, कुणालाच एकट्यासाठी बाटली फोडवत नाही. तुम्ही वाडीतल्या सगळ्यांना एक दिवस ठरवून द्या. सरकारी दवाखान्यात आधी सांगून ठेवा, थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणा आणि सकाळी उन्हाच्या आत घरोघरी फिरा. बर्फाशिवाय आणलेली लस म्हणजे पाणी. आणि लस फक्त धडधाकट कोंबड्यांना. मर सुरू झाल्यावर टोचत फिरलात तर रोग तुम्हीच दारोदार न्याल.

अॅम्प्रोलियम घरात आणून ठेवा, रक्ती हगवणीवर पाण्यातून देतात. प्रमाण पाकिटावर असतं, अंदाजाने ओतू नका.

परड्यातली

थर्मासवाले भाऊ बोलले ते सगळं मान्य, वाडीनं एक दिवस ठरवायचं हे तर लाखातलं. फक्त पहिला थेंब देताना आईला आधी डालग्याखाली झाका. पिल्लू ओरडलं की ती तोंडावर उडते, चष्मा असेल तर सांभाळा.

हॅचरीच्या पिल्लांचं. कोंबडी घेते, यात शंका नाही. तिची स्वतःची निघाली त्याच रात्री किंवा दुसऱ्या रात्री, अंधारात, एकेक करून पोटाखाली सरकवायची. सकाळी तिला हिशोब कळत नाही. तीन-चार दिवस उलटले तर मात्र परकं पिल्लू ओळखते आणि टोचून मारते. रंग फार वेगळा असेल तर आधीही मारू शकते, सकाळी उजाडल्याबरोबर जाऊन बघा.

पण पंधरा नको. तिची सात-आठ आणि वर पंधरा, कुणाला झाकणार ती? पावसाच्या रात्री कडेची पिल्लं उघडी पडतात, आत घुसायला धडपडतात आणि सकाळी दोन चेंगरलेली मिळतात. आणायचीच तर तिची कमी निघाली तरच, सगळी मिळून दहाच्या वर जाऊ देऊ नका. आणि मरेक्स या कोंबड्यांच्या रोगाची लस पहिल्याच दिवशी टोचलेली आहे का ते हॅचरीत विचारून घ्या.

अजून एक, कणगीशेजारची खोली म्हणालात. कणगी म्हणजे उंदीर, आणि उंदीर म्हणजे धामण. धामण कोंबडीच्या नादी लागत नसली तरी अंडी आणि पिल्लं सोडत नाही. भिंतीच्या कडेची बिळं आत्ताच दगड-मातीनं बुजवा आणि रात्री दाराच्या फटीला फळी लावा.

यंत्रातली_अंडी

पंधरा पिल्लांचा विचार मी त्यांच्या डोक्यात घातला असं कोणी म्हणू नये! ताई, एक विचारतो, पावसाळ्यात आई पिल्लांना लवकर तोडते, म्हणजे जवळ घ्यायचं सोडते, असा माझा अनुभव आहे. तुमच्याकडे?

परड्यातली

लवकर तोडते ती पोटभर खायला मिळालं तर. अंगात ताकद आली की तिला परत अंड्यावर यायचं असतं. एरवी सहा ते आठ आठवडे धरा, एखादी दहापर्यंतही नेते. भाऊंची पिल्लं मृगात निघाली तर साधारण श्रावणाच्या सुमारास ती त्यांना टोचायला लागेल. तेव्हा मध्ये पडू नका. पण ती दांडीवर झोपायला लागली आणि पिल्लं खालीच राहिली तर आठवडाभर संध्याकाळी एकेकाला उचलून वर ठेवा, मग सवय लागते. त्याच आठवड्यात आर-टू-बी उरकून घ्या. आणि नर कोणते ते तोवर तुऱ्यावरून कळायला लागेल, त्यांना तलंगांपासून, म्हणजे वाढत्या माद्यांपासून, वेगळं करायची सोय आत्तापासून बघून ठेवा, एक घरचा कोंबडा आहेच.